नवे यंत्र आणि जुना कान



कामगार संघटनेच्या माणसाला व्यासपीठ नवे नसते. पण आमचे व्यासपीठ बहुधा कारखान्याच्या दारातले, आणि समोरच्यांना पाळीवर जायची घाई. इथे आपण घरून जेवून, सावकाश ऐकायला आला आहात, म्हणून आम्हीही आज मागण्यांची यादी बरोबर आणलेली नाही. आज विषय घेतला आहे तो घरात गाणे ऐकण्याच्या यंत्राचा. नवा स्पीकर, नवा अँप्लिफायर किंवा कानावर लावायचा नवा हेडफोन आणला, तर तो पहिल्या दिवसापासून नीट वाजतो, की शंभर-दोनशे तास वाजवल्यावर त्याचा आवाज खुलतो?

हा विषय आमच्याकडे कसा आला ते सांगतो. आमच्या एका सभासदाने बोनसच्या पैशांतून स्पीकरची जोडी घेतली. गडी नाट्यसंगीताचा वेडा. घरी आणून लावली तर उजव्या स्पीकरमधून तंबोऱ्याच्या खालच्या स्वराला बारीक खरखर यायची. दुकानदाराने उत्तर दिले, "नवा माल आहे, दोनशे तास वाजू द्या, मोकळा होईल." सभासद आमच्याकडे आला तो तक्रार घेऊन नव्हे, हिशेब घेऊन. आठ तासांची पाळी, जाण्यायेण्याचे दोन तास, मुलांचा अभ्यास, शेजाऱ्यांची झोप. दिवसाकाठी गाण्याला मिळणार एक तास. म्हणजे दोनशे तासांना दोनशे दिवस, साडेसहा महिने. आणि माल परत करण्याची मुदत बिलावर छापलेली होती दहा दिवस. "तर मग दहाव्या दिवशी माझा स्पीकर कच्चा असताना मी तो पक्का म्हणून ठेवून घ्यायचा, असे ना?" असे त्याने विचारले. ज्याने वीस वर्षे हजेरीपत्रक पाहिले आहे त्यालाच सुचणारा प्रश्न हा.

आमचे शिक्षण दहावीपर्यंतचे आणि पुढचे सार्वजनिक वाचनालयातले. तेव्हा या प्रश्नावर पदवीधराने बोलावे, आम्ही का, असे कोणी म्हणेल. पण यंत्रांशी आणि यंत्रे बनवणाऱ्या हातांशी आमचा संबंध तीस वर्षांचा आहे, तेवढ्या भांडवलावर बोलतो.

दुकानदार म्हणतो ते लोकांना पटते, याला कारण आहे. आपल्या रोजच्या अनुभवात नवी वस्तू पहिल्या दिवशी क्वचितच नीट वागते. कोल्हापुरी चप्पल घ्या. चार दिवस चावते, मग तिला तेल लावा, अंगठ्यापाशी फोड येऊ द्या, आणि पंधरवड्याने ती अशी बसते की दुसऱ्याच्या पायात जाऊ नये. तबल्याची नवी पुडी ताण पडला की उतरते, पुन्हा ठोकून चढवावी लागते, मग स्थिर होते. आणि मोटारसायकल घेतलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की पहिले पाचशे-हजार किलोमीटर गाडी हळू चालवायची आणि मग तेल बदलायचे.

ही मोटारसायकलची गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे. सिलिंडरच्या आतल्या अंगावर सूक्ष्म रेघा असतात आणि पिस्टनच्या कड्या त्यांवर घासतात. घासता घासता दोन्ही पृष्ठभाग एकमेकांशी जुळतात, वायू कडेने निसटायचा थांबतो, आणि झिजलेल्या धातूचा जो बारीक चुरा होतो तो तेलात उतरतो. पहिले तेल लवकर टाकून द्यायचे ते त्याच्यासाठी. म्हणजे काय घासले, काय झिजले, चुरा कुठे गेला, याचा जबाब इथे मिळतो. कारखान्यात नवा लेथ किंवा नवी गिअरपेटी लागली की आम्हीही तिला आधी हलका बोजा देतो. धातूवर धातू घासतो तिथे रनिंग-इन लागते, यात कोणाचे दुमत नाही.

आता स्पीकर उघडून पाहू. १९२५ साली अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी जी रचना लोकांपुढे मांडली, तीच थोड्याफार फरकाने आजही आपल्या घरात आहे. मागे एक जड लोहचुंबक. त्यात गोल फट, बोटाचे नखही जाणार नाही एवढी. त्या फटीत तारेचे वेटोळे अधांतरी उभे असते. त्याला कारखान्यात कॉइल म्हणतात. कॉइल चिकटलेली असते कागदाच्या किंवा तसल्याच हलक्या पदार्थाच्या शंकूला, आणि हा शंकू दोन ठिकाणी धरलेला असतो. बाहेरच्या कडेला रबराचे, फोमचे किंवा कापडाचे मऊ कडे असते. आत मानेपाशी चुण्या पाडलेली, राळेत बुडवून कडक केलेली कापडाची चकती असते. तिला स्पायडर म्हणतात. वीज आली की कॉइल पुढेमागे होते, शंकू हवा ढकलतो, आणि आपल्याला भीमसेन जोशी ऐकू येतात.

इथे घासते काय? काहीच नाही. कॉइल फटीच्या भिंतीला शिवता कामा नये, हीच तर सगळी कारागिरी. शिवली तर खरखर येते, आणि ती घासण्याने बरी होत नाही, वाढते. वेटोळ्याचे लाखेचे आवरण सोलवटते आणि एके दिवशी स्पीकर मुका होतो. आमच्या सभासदाच्या उजव्या स्पीकरचे दुखणे हेच होते. दोनशे तासांनी तो मोकळा झाला असता खरा, पण वेगळ्या अर्थाने.

तरीही दुकानदाराच्या बोलण्यात सत्याचा एक कण आहे, आणि तो लपवला तर आम्ही त्याच्यापेक्षा बरे कसे? स्पायडरचे कापड नवे असताना कडक असते. पहिल्यांदा मोठे हेलकावे बसले की राळेचे काही सूक्ष्म सांधे सुटतात, कापड थोडे सैल पडते. रबराचेही थोडे तसेच. हे मोजता येते. प्रत्येक शंकूची स्वतःची एक कंपनसंख्या असते, झोपाळ्याला जशी आपली लय असते तशी. ती समजा नवेपणी सेकंदाला पन्नास असेल, तर सैल झाल्यावर सत्तेचाळीस-पंचेचाळीसवर येईल. फरक खरा आहे. पण तो व्हायला वेळ किती लागतो? खर्जाचा पन्नास कंपनांचा स्वर दहा मिनिटे जोरात वाजवला, तर शंकू तीस हजार हेलकावे खातो. जे कापड तीस हजार हेलकाव्यांत सैल झाले नाही, ते पुढच्या साडेसहा महिन्यांत कसले होते? बहुतेक बदल पहिल्या काही मिनिटांतच होऊन जातो, आणि गंमत अशी की स्पीकर काही काळ स्वस्थ ठेवला तर त्यातला काही भाग उलटतो. थंडीत रबर आखडते, उन्हाळ्यात सैल होते. कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन नगांतही एवढा फरक सापडतो.

पुढचा मुद्दा जरा किचकट आहे, पण त्यावर सगळे उभे आहे. ऑस्ट्रेलियातील थील यांनी १९६१ साली आणि त्यांच्यामागून स्मॉल यांनी १९७० नंतरच्या वर्षांत पेटीतल्या स्पीकरचे गणित पक्के केले. त्या गणिताप्रमाणे कापड सैल झाले की शंकूची कंपनसंख्या उतरते, आणि त्याच प्रमाणात दुसरा एक आकडाही उतरतो, शंकू आपल्या लयीत किती रेंगाळतो तो सांगणारा. दोहोंचा भागाकार होता तेवढाच राहतो. म्हणून सुटा स्पीकर मेजावर ठेवून मोजला तर बदल डोळ्यांत भरतो, आणि तोच पेटीत बसवून मोजला तर खर्ज जवळपास होता तिथेच असतो. बंद पेटीत तर हवेचीच एक स्प्रिंग तयार होते आणि ती कापडापेक्षा ताठ असू शकते. व्हिलचर यांनी १९५४ साली याच हवेच्या स्प्रिंगवर सगळा भार टाकून लहान पेटीतून मोठा खर्ज काढून दाखवला. हवेला काही नवेजुने नसते.

यापेक्षा मोठा फरक आपण हाताने करू शकतो. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढा किंवा कोपऱ्यात ढकला, आणि खर्ज केवढा बदलतो ते ऐका. बसायची खुर्ची वीतभर सरकवली तरी वरचे स्वर बदलतात. नवा स्पीकर आणणारा माणूस पहिल्या महिन्यात हे सगळे करत असतो. गादी टाकतो, पडदा लावतो, स्टूल बदलतो, आणि मग म्हणतो, स्पीकर खुलला.

बाकीच्या भागांचे लवकर आटोपतो. अँप्लिफायरमधला अ‍ॅल्युमिनियमचा कंडेन्सर हा एकच भाग असा, ज्याच्या बाबतीत 'तयार होणे' हा शब्द बरोबर आहे. त्याच्या पत्र्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो, आणि वर्षानुवर्षे यंत्र बंद पडून राहिले तर तो थर उणावतो. म्हणून आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ माळ्यावरून काढला, तर जाणता कारागीर त्याला एकदम विजेवर लावत नाही, सिरीजमध्ये दिवा घालून हळूहळू वीज चढवतो. पण हे जुन्या, पडून राहिलेल्या यंत्राचे झाले. नव्यातला थर कारखान्यातच तयार होऊन येतो. व्हॉल्व्हला तापायला वेळ लागतो, तोही रोज लागतो, पहिल्या महिन्यातच नव्हे. उरल्या तारा. तांब्याची तार गाणे वाहून वाहून सुधारते असे सांगणारे व्यापारी आहेत आणि अशा तारा हजारो रुपयांना विकल्या जातात. तांबे गाणे ओळखत नाही. याहून अधिक वेळ आम्ही तारेला देणार नाही.

विजेच्या यंत्रांच्या धंद्यात 'बर्न-इन' म्हणून एक खरीखुरी प्रक्रिया आहे, आणि तिचे नाव उसने घेऊन ही समजूत चालते असा आम्हांला दाट संशय आहे. कोणत्याही घाऊक मालात काही नग जन्मतःच दुबळे असतात आणि ते पहिल्या काही तासांत मरतात. जे त्यातून वाचतात ते बहुधा पुष्कळ वर्षे टिकतात. म्हणून जबाबदार कारखाना माल गरम कपाटात ठेवून काही तास चालवतो आणि पडेल ते बाजूला काढतो. यात आवाज सुधारण्याचा संबंध नाही, दुबळे नग गाळण्याचा आहे. आणि हे काम कारखान्याचे आहे, त्याच्या विजेवर आणि त्याच्या पगारी माणसांकडून व्हायचे. गिऱ्हाइकाने दोनशे तास घरी यंत्र चालवून ते टिकते की नाही पाहायचे, म्हणजे त्याने तपासणी खात्यात बिनपगारी कामाला लागायचे.

तपासणी खात्यावरून आठवले. स्पीकर बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात आम्ही संघटना बांधली होती. कामगार बहुतेक स्त्रिया. कोणी शंकूला कॉइल चिकटवणार, कोणी स्पायडर बसवणार. डिंक वाळेपर्यंत नग फळीवर राहायचे. शेवटी एका खोलीत एक बाई बसायच्या. त्यांच्यापुढे नग ठेवला की खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत एक लांब शीळ त्यातून जायची, चार-पाच सेकंदांची. तेवढ्यात त्या सांगायच्या: हा घासतोय, याचा डिंक सुटलाय, यात कचरा आहे. शाळा सातवीपर्यंत, आणि कान असा की व्यवस्थापक त्यांच्या शब्दावर माल परत फिरवी. पगारवाढीच्या बोलण्यात आम्ही त्यांचे काम कुशल धरावे म्हणून भांडलो. समोरचे म्हणाले, त्यांना फक्त ऐकायचे असते! असो. सांगायचे ते वेगळेच. माल दोनशे तासांनीच खरा आवाज देत असता, तर त्या बाईंनी चार सेकंदांत तो पास कसा केला असता? आणि ज्या इंजिनिअराने तो आखला, त्याने मोजला कोणता आवाज, कच्चा की पक्का?

तरीही लोकांना फरक ऐकू येतो. हजारो माणसे शपथेवर सांगतील की पहिल्या आठवड्यात आवाज टोचत होता आणि महिन्याभराने मखमल झाला. ती खोटे बोलतात असे आमचे मुळीच म्हणणे नाही. बदल झाला, पण कुठे झाला? मघाची चप्पल पुन्हा काढतो. पंधरा दिवसांनी चप्पल चावायची थांबली, तेव्हा चामडे मऊ झाले की पायाला घट्टा पडला? चपलेच्या बाबतीत दोन्ही झाले. स्पीकरच्या बाबतीत कापड पहिल्या दिवशीच सैल झाले, उरलेला महिना कानाला घट्टा पडण्याचा.

आपल्या भाषेने हे पूर्वीच ओळखले आहे. जोडा पायाला 'बसतो', हात कामावर 'बसतो', आणि कानही 'बसतात'. मुंबईच्या गिरण्यांच्या साचेखात्यात धोट्याच्या मागांचा आवाज शंभर डेसिबलच्या घरात असे. पहिल्या दिवशी बदली कामगाराचे डोके फुटायची वेळ येई. जुना साचेवाला खुणेने सांगे, होईल सवय. आणि महिन्याभराने व्हायची. आवाज तेवढाच असे. पाळी सुटल्यावर काही तास कान बधिर राहत आणि रात्रीच्या विश्रांतीने उघडत. मग हळूहळू उघडेनासे होत. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना नव्वद डेसिबलची मर्यादा आली आणि आवाजाने येणारा बहिरेपणा धंद्यातल्या रोगांच्या यादीत गेला, तो साचे सुधारले म्हणून नव्हे. सवय झाली याचा अर्थ यंत्र बरे झाले असा घेऊ नये, हे गिरणगावाने फार मोठी किंमत देऊन शिकलेले आहे.

घरातल्या स्पीकरने कोणी बहिरा होणार नाही, बेताने वाजवला तर. पण कानाची चाल तीच. जुन्या स्पीकरचा आवाज आपल्या मनात 'बरोबर' म्हणून बसलेला असतो. नवा वेगळा वाजतो, म्हणून चुकलेला वाटतो. चार आठवड्यांत नवाच 'बरोबर' होतो. शिवाय सुरांच्या पोताची आपली आठवण फार तोकडी असते. चाल वर्षानुवर्षे आठवते, पण परवा सतार नेमकी किती टोचत होती याची आज तुलना करता येत नाही. आणि पैसे मोजलेले असतात, तेही आतून बोलत असतात.

यावर उपाय शास्त्रज्ञांनी केव्हाच काढला आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० साली एक रीत छापली: आधी एक आवाज ऐकवायचा, मग दुसरा, मग या दोहोंतला कोणताही एक, आणि तो कोणता हे ऐकणाऱ्याने सांगायचे. नावगाव काही सांगायचे नाही. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी स्पीकर बनवणाऱ्या एका कंपनीतल्या चाळीस नोकरांना काही स्पीकर दोनदा ऐकवले, एकदा पडद्याआडून आणि एकदा समोर ठेवून. त्यांत एक लहानसा, स्वस्तातला संच होता. पडद्याआड त्याला चांगले गुण पडले. डोळ्यांपुढे येताच गुण कोसळले. धंद्यातलीच माणसे ती, कान तयार असलेली. आवाज तोच होता, फक्त पडदा गेला होता. कामावर माणसे घेताना नाव, गाव आणि आडनाव न विचारता काम पाहावे असे आम्ही म्हणतो, तेव्हा लोक हसतात. हा प्रयोग वाचल्यापासून आम्ही तो खिशात बाळगून आहोत.

आता सभासदाला काय सांगितले ते. कामगाराच्या बाबतीतही 'अजून तयार व्हायचा आहे' हे वाक्य आम्ही पुष्कळ ऐकले आहे. पण १९४६ च्या कायद्याखालच्या नमुना स्थायी आदेशांत उमेदवारीला तीन महिन्यांची मुदत घातली होती, आणि ती संपली की माणूस पक्का. स्पीकरच्या उमेदवारीला मुदतच नाही. शंभर तासांनी विचारले तर दोनशे सांगतात, दोनशेंनी विचारले तर तार बदला म्हणतात. तोवर परतीची मुदत संपलेली असते आणि नव्या नगाऐवजी दुरुस्तीची चिठ्ठी हातात पडते. म्हणून त्याला म्हटले, दहा दिवसांच्या आत लेखी तक्रार दे, खरखर फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेव, आणि 'दोनशे तासांनी सुधारेल' हे दुकानदाराकडून कागदावर मागून घे. ते त्याने दिले नाही. नग मात्र आठव्या दिवशी बदलून दिला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि बिलावर मुदत नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायचे नाकारणे ही अनुचित प्रथा ठरते. आणि वस्तूच्या कामगिरीची हमी योग्य चाचणीच्या आधारावाचून देणे हीही अनुचित प्रथा. चाचणी केली आहे असे जो म्हणेल, शाबिती त्याच्या माथी.

ज्यांना आमचे पटले नसेल त्यांनी घरी करून पाहावे. नवी जोडी आणली की दोन्ही स्पीकर दहा मिनिटे जरा मोठ्याने वाजवावे, कापडाचे देणे तेवढ्यात फिटते. मग डावा खोक्यात परत ठेवावा आणि उजवा एकटाच आठवडाभर वाजवावा. परतीची मुदत दहा दिवसांची असेल तर हे तिच्या आत बसते. आठव्या दिवशी डावा काढून उजव्याला चिकटून ठेवावा, मध्ये चादर टांगावी, दोन्हींतून एकच गाणे आलटून पालटून लावण्याचे काम मुलीकडे किंवा शेजाऱ्याकडे द्यावे, आणि कोणता वाजतो आहे ते आपण कागदावर लिहीत जावे. चार-पाच वेळा करून भागणार नाही, नाणे उडवूनही तेवढे बरोबर येते. वीस वेळा करावे, आणि क्रम नाण्यानेच ठरवावा. पंधरा-सोळा उत्तरे बरोबर आली तर आमच्या कचेरीत या, संध्याकाळी सहानंतर आम्ही असतो. कागद बरोबर आणावा. येताना स्पीकरही आणला तर आम्हांलाही ऐकायला मिळेल.